बाबांची वाक्ये वहीत कशी उतरवावीत?

प्रश्न : आमचे वडील वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात नोकरीला होते. गेल्या वर्षी त्यांचे निधन झाले. सकाळी आम्हाला उठवताना ते म्हणत, "सूर्याने मस्टरवर सही केली, तुमचा लेटमार्क लागला." आमटी अळणी झाली, की ते आईकडे न पाहता गंभीरपणे विचारीत, "आज ठाण्याच्या खाडीला ओहोटी आहे का?" कल्याणला जाताना पारसिकचा बोगदा जवळ आला, की "पोटे आत घ्या, नाहीतर गाडी अडकेल" असा हुकूम सुटे. वर्षश्राद्धापूर्वी ही वाक्ये वहीत उतरवावीत, असे मला व माझ्या भावाला वाटते. परंतु लिहिल्यावर ती अगदीच बाळबोध दिसतात, माझ्या मुलाला त्यांचे हसू येत नाही, आणि श्राद्धाच्या निमित्ताने असले काही करणे आमच्या काकांना अप्रशस्त वाटते. काय करावे?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : वही अवश्य करावी. वाक्ये बाळबोध दिसतात, कारण आपण केवळ वाक्येच लिहिली असावीत, आणि घरातल्या विनोदाचा निम्मा भाग प्रसंगात असतो. आपल्या पत्रात "आईकडे न पाहता" हे शब्द आले, तेव्हा मला खरोखर हसू आले. म्हणून प्रत्येक वाक्याबरोबर ते कोणाला उद्देशून, कोठे आणि कोणत्या चेहऱ्याने म्हटले जाई, हेही लिहावे. त्या ओहोटीवर आई काय उत्तर देत, हे आपण कळवलेले नाही. ते त्यांना नक्की विचारा, कारण ही वाक्ये सर्वांत अधिक वेळा त्यांनीच ऐकली आहेत आणि आपल्या जन्माआधीचीही काही त्यांच्याजवळ असतील. भाषा मात्र सुधारू नका. "लेटमार्क"च्या जागी "विलंबाची नोंद" असे लिहिले, तर कारखान्याच्या फाटकातून रोज वेळेवर आत शिरणारा माणूसच त्या वाक्यातून निघून जाईल.

मुलाला हसू येत नाही, याचे कारण वेगळे आहे. अशा विनोदात ऐकणाऱ्याला आधीचे काहीतरी ठाऊक असावे लागते, आणि मस्टर काय किंवा ओहोटी काय, त्याने बहुधा पाहिलेली नाही. त्याला कळव्याच्या पुलावर एकदा भरतीच्या वेळी आणि सुमारे सहा तासांनी पुन्हा ओहोटीच्या वेळी न्यावे. खाडीतले पाणी हटून चिखल उघडा पडलेला ज्याने पाहिला, त्याला अळणी आमटीचा संबंध वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. बोगद्याचे तर त्याहून सोपे आहे. १९१६ मध्ये सुरू झालेला पारसिकचा बोगदा सुमारे १.३ किलोमीटर लांब आहे, म्हणजे पोट आत धरून बसलेल्या मुलाला दम लागेल इतका. तेव्हा त्यातून जाणाऱ्या गाडीत त्याला बसवून आपणच तो हुकूम सोडावा आणि तो मूळचा कोणाचा, हे बोगदा संपल्यावर सांगावे.

काकांचे म्हणणे अर्धे मान्य करावे. विधी चालू असताना वही काढू नये. जेवणे आटोपून सगळे निवांत बसले, की काढावी. त्या वेळी काकांनाच त्यांच्या भावाच्या लहानपणीची एखादी थट्टा विचारावी, आणि ती आठवली, तर वही त्यांच्याच हाती देऊन त्यांच्या अक्षरात लिहून घ्यावी.