सुट्टीच्या दिवशी ड्युटीला बोलावलं तर 'नाही' कसं म्हणायचं?

तुम्ही लिहिलंय की नेमका सुट्टीच्या दिवशीच सुपरवायझरचा फोन येतो, "माणूस कमी पडतोय, आजचा दिवस तेवढं बघ ना", आणि नाही म्हणायला जीभ रेटत नाही. म्हटलंच, तर सोबतच्यांना अडचणीत टाकल्यासारखं दिवसभर वाटत राहतं. मी बरीच वर्षं वॉर्डात पाळीने काम केलं, आता तिथल्याच ड्युट्या लावायचं काम माझ्याकडे आहे. असे फोन मी घेतलेत आणि केलेतही. म्हणून आधी फोनच्या पलीकडे काय चाललेलं असतं ते सांगते.

सकाळपाळीचं कुणीतरी ऐनवेळी आजारी पडतं. रात्रपाळीची सिस्टर हँडओव्हर द्यायला तयार उभी असते आणि घ्यायला कुणी नसतं. अशा वेळी ड्युटी लावणारी व्यक्ती 'आता कुणाची पाळी, कुणाला किती वेळा बोलावलं' याचा हिशोब करत बसत नाही. मागच्या खेपेला ज्याने पटकन फोन उचलून "बरं, येते" म्हटलं होतं, त्याचाच नंबर आधी फिरवला जातो. त्यात राग नसतो आणि मर्जीही नसते. तुम्ही हो म्हणता हे एकदा माहीत झालं की तुमचा फोन वाजतच राहणार. पण दोन-चार वेळा शांतपणे नकार आला की तेच नाव आपोआप यादीत खाली सरकतं. नाही म्हटलं तर कायमची नाराजी ओढवेल, ही भीती बहुतेकांना असते. सरळ नाही म्हणणाऱ्या माणसावर मी तरी कधी डूख धरून बसलेले नाही. त्या क्षणी मला पुढचा नंबर लावायचा असतो, एवढंच.

मला खरा त्रास होतो तो "बघते, थोड्या वेळाने सांगते" या उत्तराचा. मी तुमच्या भरवशावर थांबते, तोवर दुसरी एखादी येऊ शकणारी व्यक्ती हातची जाते आणि शेवटी तुमचा नकार येतो. नाही म्हणायचं असेल तर लगेच म्हणा, त्यात दोघांचंही भलं आहे.

आणि कारण देऊ नका. "घरी पाहुणे येणार आहेत" म्हटलं की "मग ते गेल्यावर ये, अर्धी पाळी कर" असं उत्तर येतं. "मुलाला डॉक्टरकडे न्यायचंय" म्हटलं की "किती वाजता मोकळी होशील?" विचारतात. प्रत्येक कारणावर तोडगा निघतो आणि तुम्ही नकळत वाटाघाटीत अडकता. खोटं कारण तर सांगूच नका, ते पुढे लक्षात ठेवावं लागतं. "आज माझी सुट्टी आहे, मला जमणार नाही" एवढं बोलून थांबा. फोनवर जी शांतता पसरते ती अवघड वाटते आणि ती भरून काढायला आपण बोलत सुटतो. पुढचं वाक्य समोरच्याला बोलू द्या. "अगं पण दुसरं कुणीच नाहीये" असं आलं तर "हो, अडचण कळतेय, पण आज नाही जमणार" हेच त्याच आवाजात पुन्हा सांगा. फोन घ्यायचं बंधन नसेल तर मेसेजवर कळवलं तरी चालतं.

आता सोबतच्यांबद्दल. त्या दिवशी त्यांची धावपळ होते हे खरं आहे, ते मी नाकारणार नाही. पण तुम्ही दर वेळी ती जागा भरून काढली की रजिस्टरमध्ये पाळी पूर्ण दिसते. वरिष्ठांकडे आणखी माणूस मागायला गेलं की "चाललंय की व्यवस्थित" असं ऐकावं लागतं. नवीन जागा मागताना माझ्या हातात पुरावा असतो तो फक्त रिकाम्या राहिलेल्या चौकटींचा. दर आठवड्याला तीच अडचण येत असेल तर तिथे एक माणूस कायमचा कमी आहे, आणि तो माणूस आणणं हे ज्यांच्या हातात भरती आहे त्यांचं काम आहे.

आठवड्याची सुट्टी ही कुणाच्या मेहेरबानीची गोष्ट नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1921 मध्येच उद्योगांतल्या कामगारांसाठी ठराव केला की दर सात दिवसांत किमान 24 तास सलग विश्रांती मिळाली पाहिजे. 1957 मध्ये दुकानं आणि कार्यालयांसाठीही तसाच ठराव झाला. याच संघटनेने जागतिक आरोग्य संघटनेबरोबर 2021 मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांत आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे 35 टक्के जास्त आढळला. हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे 17 टक्के जास्त होता. डबल ड्युटीच्या शेवटच्या तासांत काय होतं ते मी जवळून पाहिलंय. औषधाची मात्रा वाचताना दशांशचिन्ह नजरेतून निसटतं, केलेली नोंद पुन्हा केली जाते, एकच प्रश्न नातेवाइकांना दोनदा विचारला जातो. तुमचं काम रुग्णालयातलं नसेलही. पण मशीन, गाडी किंवा रोख रक्कम हाताळत असाल, तरी थकव्याची जोखीम आहेच.

दोन गोष्टी मात्र आधी तपासून घ्या. तुमच्या नेमणूकपत्रात ऑन-कॉल, म्हणजे बोलावलं की यायला तयार, राहण्याची अट असेल आणि त्या दिवशी तुमचं नाव त्या यादीत असेल, तर ती सुट्टी धरायची नाही. जादा कामाचे नियमही प्रत्येक देशात आणि क्षेत्रात वेगळे असतात, तेव्हा आपले नियम नीट वाचून ठेवा. मोठा अपघात, आग असं काही घडलं तर मीही सुट्टी सोडून धावत जाईन. तेव्हा कुणाला विचारावंही लागत नाही.

नकार दिल्यावर ड्युट्या मुद्दाम वाईट लागायला लागल्या किंवा धमकीवजा बोलणं झालं, तर वाद घालत बसू नका. कोणत्या तारखेला कुणी काय सांगितलं ते त्याच दिवशी लिहून ठेवा, मेसेज पुसू नका आणि युनियन असेल तर तिथे बोला.

कधी पैशांची गरज असते, कधी मनापासून जावंसं वाटतं. तेव्हा खुशाल हो म्हणा, पण अटी घरातून निघण्याआधी ठरवून घ्या. एकदा कामावर पोहोचलात की तुमच्या अटी ऐकायला कुणाला वेळ नसतो. बदली सुट्टी कोणत्या तारखेला मिळणार की जादा कामाचे पैसे मिळणार, हे मेसेजवर लिहून घ्या. "नंतर बघू" असं उत्तर आलं तर तारीख पुन्हा विचारा, कारण पुढच्या महिन्याचा तक्ता लावायला बसल्यावर आमच्यासमोर फक्त लिहून ठेवलेल्या तारखा असतात.