वाचकांचे प्रश्न : गृहीतकृत्य नसलेला आराखडा

प्रश्न : मी समाजशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. ऊसतोड कुटुंबे मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) हंगामाआधी मिळणाऱ्या उचलीकडे (आगाऊ रकमेकडे) कशी पाहतात, हा माझा विषय आहे. संशोधन मान्यता समितीने माझा आराखडा तीन शेरे मारून परत पाठवला : गृहीतकृत्ये दिलेली नाहीत, नमुन्याचा आकार दिलेला नाही आणि ‘उचल’ या संज्ञेची कार्यात्मक (मोजता येईल अशी नेमकी) व्याख्या नाही. माझे मार्गदर्शक म्हणतात, दोन-तीन गृहीतकृत्ये लिहून टाका, पुढे कोणी विचारत नाही. मी काय करावे? — संशोधिका, बीड जिल्हा

उत्तर : मार्गदर्शकांचा सल्ला सोयीचा असला तरी तो मानू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. आपल्याकडच्या आराखड्यांच्या छापील नमुन्यात ‘गृहीतकृत्ये’ असा रकाना असतो आणि तो रिकामा राहू नये म्हणून विद्यार्थी ‘ऊसतोड कामगारांची आर्थिक स्थिती हलाखीची आहे’ यासारखी वाक्ये लिहितात. हे तर गावातील प्रत्येकाला ठाऊक आहे. ते सिद्ध करण्यासाठी तीन वर्षे घालवण्याचे कारण नाही. खऱ्या गृहीतकृत्यात दोन चलांमधला संबंध आधी मांडलेला असतो आणि तो खोटा ठरण्याची शक्यताही खुली असते. तुमचा प्रश्न त्या जातीचा नाही. उचल घेणाऱ्यांच्या लेखी उचल म्हणजे काय, हे तुम्हाला समजून घ्यायचे आहे आणि त्याचे उत्तर आधी लिहून ठेवले तर विचारायचे काहीच उरत नाही.

माणसाच्या कृतीला त्याने स्वतः जोडलेला अर्थ समजून घेणे हे समाजशास्त्राचे काम आहे, ही जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांची भूमिका शंभर वर्षांहून जुनी आहे. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९७३ साली तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांच्याकडून घेतलेले एक उदाहरण यासाठी फार उपयोगी पडते. दोन मुलांच्या पापण्या सारख्याच लवतात. एकाची पापणी नकळत फडफडलेली असते, तर दुसऱ्याने मित्राला डोळा मारलेला असतो. कॅमेऱ्याला दोन्ही हालचाली एकच दिसतात. फरक कळण्यासाठी त्या मुलांमधले संकेत माहीत असावे लागतात.

आता हे तुमच्या विषयाला लावून पाहा. ‘तुमच्यावर कर्ज आहे का?’ असा प्रश्न प्रश्नावलीत असेल, तर उचल घेतलेली बाई ‘नाही’ म्हणू शकते आणि ते खोटे असेलच असे नाही. तिच्या हिशेबात सोसायटीचे असते ते कर्ज आणि उचल म्हणजे पुढच्या हंगामातल्या स्वतःच्या कामाचे आधी घेतलेले दाम, असे असू शकते. तिचा नवरा त्याच पैशाला ‘अंगावर राहिलेली बाकी’ म्हणेल, मुकादमाच्या दृष्टीने तो त्याने पत्करलेला धोका असेल आणि कारखान्याच्या कागदावर त्याला तोडणी-वाहतुकीचा ॲडव्हान्स म्हटले जाईल. ही चारही नावे एकाच व्यवहाराची आहेत. कार्यात्मक व्याख्या मागणारी समिती तुम्हाला यांपैकी एक आत्ताच निवडायला सांगते आहे, आणि एक निवडले की बाकीचे तिघे तुमच्या संशोधनातून हद्दपार होतात. म्हणून तिसऱ्या शेऱ्याला असे उत्तर द्यावे : ‘उचल या शब्दाचे वेगवेगळ्या घटकांच्या वापरातील अर्थ शोधणे हाच प्रस्तुत संशोधनाचा विषय असल्याने त्याची व्याख्या हे संशोधनाचे फलित असेल, आरंभ नसेल. आरंभी केवळ क्षेत्र निश्चित करण्यासाठी, तोडणीच्या कामापोटी हंगामापूर्वी दिलेली रक्कम, एवढाच मर्यादित अर्थ गृहीत धरला आहे.’

‘कोयता’ या शब्दाचेही असेच आहे. फडात कोयता हे हत्यार असते, पण मुकादमाच्या हिशेबात एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि उचल त्या जोडीवर ठरते. एकटा माणूस अर्धा कोयता. जनगणनेच्या किंवा सर्वेक्षणाच्या रकान्यात ‘कामगार’ हा एकेक मोजला जातो. इथे मोजणीचे माप जोडी हेच आहे. मग विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली बाई या हिशेबात कशी बसते, तिला जोडीदार कोण मिळवून देतो, जोडीच्या नावाने आलेल्या उचलीतला तिचा वाटा कोणाच्या हातात पडतो, हे प्रश्न त्या एका शब्दातून उगवतात. शब्दाचा हा वापर कळेपर्यंत ते कोणत्याही गृहीतकृत्यात येण्याची शक्यता नव्हती.

यावरून अशा, म्हणजे लोकांनी लावलेला अर्थ शोधणाऱ्या अन्वयार्थक संशोधनाला आराखडा लागत नाही, असा समज करून घेऊ नका. समितीच्या पहिल्या दोन शेऱ्यांमागे एक रास्त शंका आहे : ही विद्यार्थिनी गावोगाव फिरून आल्यावर, तिला हवे तेच तिने पाहिले नाही, हे आम्ही कशावरून मानायचे? या शंकेला आराखड्यातच उत्तर द्यावे लागते, आणि ते नमुन्याच्या आकारापेक्षा जास्त कष्टाचे आहे. मी तुमच्या जागी असतो तर आधी या व्यवहाराकडे पाहण्याच्या जितक्या जागा आहेत त्यांचा नकाशा काढला असता : तोडणारी बाई, तिचा नवरा, मागे गावात राहिलेली सासू आणि मुले, मुकादम, उचल फेडता न आल्याने काम सोडून गेलेला माणूस, कारखान्याचा स्लिपबॉय (तोडणीच्या पावत्या देणारा), शेतकी विभागाचा कर्मचारी, ऊसमालक शेतकरी, गावातला किराणा दुकानदार. यांपैकी प्रत्येकाकडे जाण्याचे कारण लिहावे. कोणाकडे पोहोचता येणार नाही तेही लिहावे.

काळाचाही असाच विचार हवा. उचल हंगामापूर्वीच्या महिन्यांत गावात वाटली जाते, दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबे निघतात, हिशेब फिटतो किंवा बाकी राहते ते हंगाम संपताना. भाद्रपदात उचलीविषयी बोलणारा माणूस आणि चैत्रात बोलणारा तोच माणूस यांच्या शब्दांत फरक पडू शकतो. म्हणून एकाच फेरीत मुलाखती उरकण्याचा बेत करू नये. गाव आणि कोप्या (तोडणीच्या ठिकाणच्या झोपड्या) दोन्हीकडे, वर्षाच्या निदान तीन टप्प्यांवर जाण्याची योजना आराखड्यात दाखवावी. कोप्यांवर फार बोलणे होणार नाही, कारण दिवसभर फडात राबलेल्या आणि रात्री गाडी भरायला उठावे लागणाऱ्या बाईकडे तासाभराच्या मुलाखतीची अपेक्षा करणे क्रूरपणाचे आहे. तिथे पाहावे, मोळी बांधायला हात लावावा, आणि बोलणे गावासाठी राखावे.

राहिला तर्काचा प्रश्न. सिद्धान्तापासून उदाहरणाकडे जाणारे निगमन आणि उदाहरणांपासून नियमाकडे जाणारे विगमन आपल्याला कॉलेजात शिकवलेले असते. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स यांनी तिसरा मार्ग मांडला, त्याला ॲबडक्शन म्हणतात. काहीतरी अनपेक्षित दिसते, आणि काय खरे असेल तर हे अनपेक्षित वाटणार नाही, याचा शोध आपण घेऊ लागतो. अन्वयार्थक संशोधन मुख्यतः या वाटेने चालते. उदाहरणार्थ, बाकी अंगावर असलेली दोन कुटुंबे आहेत. एक मुकादमाला शिव्या देते, दुसरे त्यालाच मुलीच्या लग्नात मानाने बोलावते. तुम्ही चकित झालात तर ती तारीख, ते ठिकाण आणि आधी तुम्हाला काय वाटत होते, हे तिघेही त्याच रात्री वहीत लिहा. त्यानंतर प्रश्न बदलला तर का बदलला, तेही लिहा. प्रश्न मध्येच बदलणे हा या पद्धतीत दोष मानला जात नाही. बदलाची नोंद नसणे हा मोठा दोष आहे. पहिल्या शेऱ्याला उत्तर देताना गृहीतकृत्यांच्या जागी ‘आरंभीच्या समजुती’ असे शीर्षक देऊन, क्षेत्रात उतरण्यापूर्वी तुम्हाला काय वाटते ते पाच-सहा वाक्यांत प्रांजळपणे मांडा. शेवटच्या प्रकरणात त्यांतील कोणती टिकली नाही हे वाचकाला पडताळता येईल.

प्रश्न : माझे आईवडील ऊसतोडीला जात होते, मीही लहानपणी कोपीत राहिलो आहे. माझ्या प्रबंधाच्या चर्चासत्रात एका प्राध्यापकांनी ‘तुम्ही वस्तुनिष्ठ राहू शकणार नाही’ असे सर्वांसमोर सांगितले. — एक संशोधक, जालना

उत्तर : हा आक्षेप तुमच्यावर घेतला जातो आणि उसाचा फड कधीही न पाहिलेल्या संशोधकावर घेतला जात नाही, यातला अन्याय आधी नोंदवायला हवा. अनुभव एकाने घ्यायचा आणि सिद्धान्त दुसऱ्याने मांडायचा, या भारतीय सामाजिक शास्त्रांतील विभागणीवर राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांनी २००२ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये थेट बोट ठेवले होते. त्या लेखाने सुरू केलेला वाद तुम्ही जरूर वाचावा.

कुठूनही न पाहणारा डोळा कोणाला मिळालेला नाही. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या एका गावात क्षेत्रकार्यासाठी राहिले. स्वतः ब्राह्मण असल्याने गावाने त्यांना जी जागा दिली, तीमुळे गाव आपल्याला प्रामुख्याने वरच्या जातींच्या बाजूने दिसले, हे त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात मोकळेपणाने मान्य केले आहे. त्या कबुलीमुळे त्यांचे लेखन कमकुवत झाले नाही. वाचकाला ते कसे वाचावे हे कळले. इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वाटेवर चालताना एकत्र अभंग म्हणणाऱ्या बायका जेवायला जातीप्रमाणे वेगळ्या बसतात, हे नोंदवले आणि त्याचे आपल्याला वाईट वाटल्याचेही लिहिले. वारी त्यांना परकी नव्हती, तरी त्या वेगळ्या पंगती त्यांच्या नजरेतून सुटल्या नाहीत.

तुमच्यापुढची खरी अडचण वेगळी आहे, आणि तिच्याविषयी मला प्राध्यापकांच्या आक्षेपापेक्षा जास्त काळजी वाटते. तुम्हाला फार गोष्टी आधीच कळतात. ‘खाडा’ म्हणजे काम बुडालेला दिवस आणि त्याचा दंड, हे तुम्हाला कोणी सांगावे लागत नाही, त्यामुळे तुम्ही ते विचारणारच नाही. आणि मग खाडा आजारपणाचा धरतात की नाही, बाईच्या पाळीच्या दिवसांत काय होते, दंड जोडीवर पडला तर घरात त्याचा दोष कोणाकडे जातो, हे उलगडण्याची संधी हुकते. म्हणून सुरुवातीला स्वतःचीच मुलाखत घ्या. आपण जे शब्द अर्थ न सांगता वापरतो त्यांची यादी करा आणि प्रत्येक शब्द किमान तीन वेगवेगळ्या माणसांना अज्ञानी होऊन विचारा. आपल्या भावकीच्या टोळीबाहेरच्या कोप्यांवर जा. आणि ज्याचे ऐकण्याची तुमची मनापासून इच्छा नसेल, बहुधा तो मुकादम असेल, त्याला सर्वांत जास्त वेळ द्या. अनेक मुकादम स्वतःही कधीकाळी तोडायला गेलेले असतात.

प्रश्न : किती मुलाखती घेतल्या म्हणजे पुरेसे होते? — एम.ए. विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आकडा सांगता येत नाही आणि सांगूही नये. नव्या माणसाशी बोलल्यावर जुन्या टिपणांचा अर्थ बदलत असेल तोवर थांबू नका. संख्या लागते ती वेगळ्या प्रश्नासाठी, आणि तिथे ती अवश्य घ्यावी. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, शासनाने चौकशी समिती नेमली. अशा वेळी किती महिला, कोणत्या वयाच्या, कोणत्या दवाखान्यात, हे सर्वेक्षणानेच कळणार. पण ‘पिशवी काढून टाकली’ असे म्हणणाऱ्या बाईला ती पिशवी कधीपासून आणि कशामुळे ओझे वाटू लागली, तो निर्णय तिने कोणाकोणाशी बोलून घेतला, हे दहा जणींशी पुन्हा पुन्हा बोलून जेवढे कळेल तेवढे हजार प्रश्नावल्यांतून कळणार नाही.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या नीतिमत्ता समितीने प्रत्येक सहभागी व्यक्तीचा सहीचा किंवा अंगठ्याचा संमतीपत्रक-नमुना सक्तीचा केला आहे. लोक अंगठा द्यायला तयार नाहीत. — संशोधन साहाय्यक, अहिल्यानगर

उत्तर : ते तयार नाहीत यातच तुमच्या संशोधनाचा एक महत्त्वाचा पुरावा आहे, तो टिपून ठेवा. या व्यवहारात कागदावर उमटलेला अंगठा म्हणजे घेतलेल्या पैशाचे बंधन. संरक्षण म्हणून तुम्ही पुढे केलेला कागद त्यांना आणखी एका करारासारखा दिसतो. समितीला हे लेखी कळवावे आणि संमती तोंडी घेऊन ध्वनिमुद्रित करण्याची, तसेच ती प्रत्येक फेरीत नव्याने विचारण्याची परवानगी मागावी. माझ्या मते ही तोंडी संमती एकदाच घेतलेल्या अंगठ्यापेक्षा अधिक खरी असते, कारण ती मागे घेता येते.

नाव बदलले म्हणजे माणूस लपला, असेही समजू नका. एका गावात दोनच मुकादम असतील तर ‘मुकादम क्रमांक एक’ कोण हे सगळे ओळखतील, आणि तुमच्याशी बोललेल्या कुटुंबाला पुढच्या वर्षी उचल नाकारली गेली तर त्याची भरपाई तुम्ही करू शकणार नाही. अशा वेळी गावे एकत्र करून लिहावे, टोळीचा आकार आणि कारखान्याचे नाव गाळावे, आणि एखादा उत्तम प्रसंग सोडूनही द्यावा. टिपणांच्या प्रती एकाच जागी ठेवू नका. श्रीनिवास यांच्या संस्कारित टिपणांच्या तिन्ही प्रती २४ एप्रिल १९७० रोजी स्टॅनफर्ड येथील आगीत जळाल्या आणि त्यांना पुस्तक बरेचसे आठवणींवर लिहावे लागले. ती टिपणे मुकादमाच्या किंवा कारखान्याच्या हाती पडणार नाहीत याचीही तजवीज करा.

शक्य असेल तर कच्चा मसुदा लोकांना वाचून दाखवा. त्यासाठी ज्येष्ठ-आषाढाचे दिवस निवडा, तेव्हा बहुतेक कुटुंबे गावी असतात. सगळ्यांना एकत्र मंदिरात बसवू नका. बायकांना वेगळे वाचून दाखवा, मुकादमांना वेगळे. जिथे ते ‘असं नव्हतं’ म्हणतील तिथे लगेच खोडू नका. त्यांचे म्हणणे मूळ परिच्छेदाच्या शेजारी लिहून घ्या आणि दोन्ही प्रबंधात राहू द्या.