पंचवीस माणसांच्या जिनिंगमध्ये अप्रेजलचा उपयोग काय?

तुमचा प्रश्न असा, की हिंगणघाटकडं तुमची जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना आहे, कायमची माणसं पंचवीसेक, आणि पुण्याहून शिकून आलेला मुलगा म्हणतो की दरवर्षी प्रत्येकाचं अप्रेजल, म्हणजे कामाचं मूल्यमापन करा. सगळे डोळ्यांसमोर असताना हा कागदी खटाटोप कशाला?

मी यवतमाळ जिल्ह्यात एका जिनिंगची व्यवस्था बघतो. मुलाचं म्हणणं मला पटतं. फक्त सिझन संपता संपता एकदाच फॉर्म भरणार असाल तर राहू द्या.

मार्चमध्ये गेटवर काय येतं ते तुम्हाला मी काय सांगावं! फरदड, म्हणजे हंगामाच्या शेवटी घेतलेला कापूस. धागा आखूड, कवडी (किडकी, डागी बोंडं) आणि पाला भरपूर. रुईचा उतारा (कापसातून निघणाऱ्या रुईचं प्रमाण) पडतो आणि मालकाला तेवढंच आठवतं, बिल फाटतं फोरमनच्या नावावर. डिसेंबरात आवक तुंबली असताना ज्यानं रात्रपाळीत एकही रेचा (सरकी काढायचं मशीन) बंद पडू दिला नाही, त्याचं नाव तोवर कोणाच्या डोक्यात नसतं. म्हणून माणसागणिक एक वही ठेवा आणि महिन्याला दोन ओळी लिहा, तारखेसकट.

लिहायचं ते त्याच्या हातातलं. उतारा मालावर असतो, पण सरकीला रुई चिकटून जाते का, रोलर वेळेवर खरडले का, हे फिटरचं काम. ग्रेडरचं, म्हणजे कापसाची प्रत ठरवणाऱ्याचं बघायचं तर ओलाव्याचा त्याचा हाताचा अंदाज आणि मीटरचा आकडा किती जुळतो ते बघा. सीसीआय (सरकारी कापूस महामंडळ) 8 टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव देते आणि 12 च्या वर माल घेत नाही, त्यामुळं तिथली चूक सरळ पैशात दिसते. शेतकऱ्यांशी त्याची किती वेळा तणतण झाली, तेही लिहा.

यातून मिळतं काय? प्रेसवर कोणाला बढती द्यायची, कोणाला शिकवायला पाठवायचं, हे ठरवताना "मालकाचा लाडका" असं कोणाला म्हणता येत नाही. माझ्या मते हा सगळ्यात मोठा फायदा.

वही लपवून मात्र ठेवू नका. सरकारी नोकरीत गोपनीय अहवाल वर्षानुवर्षं असाच दडलेला असायचा; 2008 मध्ये देव दत्त खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. तुमच्यावर तो निकाल लागू नाही, पण ज्याला आपली चूक माहीतच नाही तो ती सुधारणार कशी?

पगारवाढीचं बोलणं त्याच दिवशी नको. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत झालेला एक अभ्यास 1965 साली छापून आला. जास्त टीका ऐकलेली माणसं सुधारण्याऐवजी मागं पडली, आणि पगार व सुधारणा या गोष्टी एकाच बैठकीत नकोत, असा त्याचा निष्कर्ष होता. आपला फोरमनही "वाढ किती देता, सांगा ना भाऊ" यातच अडकलेला असतो, बाकी काही ऐकत नाही. कायद्यानं द्यायचा किमान 8.33 टक्के बोनसही या वहीला जोडू नका, तो द्यावाच लागतो.

हमालांच्या टोळीची वही काढू नका. त्यांचं मुकादमाशीच बोलावं. पण वजनकाट्यावर तुमचा भाचा-पुतण्या बसत असेल तर त्याची वही पहिली काढा. नाहीतर बाकीच्या चोवीस वह्या कोणी मनावर घेणार नाही.