मुलांसाठी लिहायचंय, पण सुचत नाही

प्रश्न : मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. लहान मुलांना उभारी देणारी, धीर देणारी पुस्तकं लिहावीत असं फार दिवसांपासून मनात आहे. तीन गोष्टी लिहून झाल्या : आळशी मुंगी, खरं बोलणारा मुलगा आणि सगळ्यांना सल्ला देणारं झाड. त्या सोबत जोडल्या आहेत. त्यानंतर मात्र काहीच सुचत नाही. प्रेरणादायी भाषणं ऐकते, सुविचारांची वही ठेवते, थोरांची चरित्रं वाचते. तेवढ्यापुरतं भारावल्यासारखं होतं, पण कागदावर काही उतरत नाही. सहा वर्षांच्या भाचीला गोष्टी वाचून दाखवल्या, तर ती ‘छान आहे’ म्हणाली आणि खेळायला पळाली. बाबा म्हणतात, छंद म्हणून ठीक आहे, करिअर म्हणून नाही. प्रेरणा आणायची कुठून? त्यासाठी एखादा कोर्स करू का? आणि यावर पोट भरेल का?

उत्तर : तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती भाचीने दिली आहे. मोठ्यांना बरं वाटावं म्हणून ‘छान’ म्हणायचं असतं, हे सहा वर्षांच्या मुलाला पक्कं ठाऊक असतं. त्याचं खरं मत त्याच्या पायांत असतं. गोष्ट आवडली असती तर ती पळाली नसती, ‘मग?’ म्हणाली असती.

तुझ्या गोष्टी वाचल्या. वाक्यं छोटी आहेत, भाषा स्वच्छ आहे, उगाच अलंकार नाहीत. हे बऱ्याच जणांना खूप उशिरा जमतं, तेव्हा हात तयार आहे असं समज. पण तिन्ही गोष्टींत शेवटच्या पानावर एक मोठं माणूस येतं आणि काय शिकायचं ते सांगून जातं. झाडाला फांद्या असल्या तरी ते मोठं माणूसच आहे. तू आधी सुविचार निवडतेस आणि मग त्याला शोभेल असं पात्र शोधतेस. सुविचार संपले, तशा गोष्टीही संपल्या. वहीत आणखी शंभर सुविचार उतरवलेस तरी त्यातून शंभर झाडं उगवतील आणि सगळी सल्लाच देत बसतील.

भाषणं ऐकून भारावणं ही मोठ्यांची गरज आहे. सात वर्षांच्या मुलाला यशस्वी वगैरे व्हायचं नसतं. मधल्या सुट्टीत आपल्याला खेळायला घेतील का, हा त्याचा आजचा प्रश्न असतो, आणि तो आपल्या नोकरीच्या प्रश्नाइतकाच मोठा असतो. मुलाला उभारी देणारी गोष्ट त्या प्रश्नातून निघते. म्हणून प्रेरणा शोधायला तुला थोरांच्या चरित्रांकडे नाही, एखाद्या खऱ्या मुलाच्या खऱ्या अडचणीकडे जावं लागेल.

बालसाहित्याचा इतिहासही हेच सांगतो. बीट्रिक्स पॉटर या इंग्लिश चित्रकर्तीने 1893 मध्ये पाच वर्षांच्या एका आजारी मुलाला पत्र लिहिलं. तुला काय लिहावं ते कळत नाही, म्हणून चार सशांची गोष्ट सांगते, अशी त्याची सुरुवात आहे. म्हणजे काही सुचत नव्हतंच! पण समोर अंथरुणाला खिळलेला एक ठरावीक मुलगा होता. पुढे प्रकाशकांनी ती गोष्ट नाकारली, तेव्हा 1901 मध्ये तिने स्वतःच 250 प्रती छापल्या आणि 1902 मध्ये ती रीतसर प्रकाशित झाली. स्वीडनच्या ॲस्ट्रिड लिंडग्रेनचंही असंच. 1941 मध्ये तिची आजारी मुलगी, आपणच रचलेलं एक विचित्र नाव सांगून, ‘हिची गोष्ट सांग’ म्हणाली. आई रोज सांगत राहिली. 1944 मध्ये पाय मुरगळून घरी पडून राहावं लागलं तेव्हा कुठे तिने ती लिहून काढली. पुस्तक आलं 1945 मध्ये. आपले साने गुरुजी आधी अमळनेरला शिक्षक होते, तिथल्या वसतिगृहातल्या मुलांची काळजी घेत होते आणि त्यांच्यासाठी हाताने लिहून दैनिक काढत होते. पुस्तकं त्यानंतरची. या तिघांनाही आपण कोणाशी बोलतोय हे आधी ठाऊक होतं.

तेव्हा सुविचारांची वही बंद कर आणि दुसरी वही घाल. तिच्यात फक्त मुलांच्या अडचणी लिहायच्या, मुलांच्याच मापाच्या. आवडता खोडरबर हरवला आणि नवा मिळाला तरी तो ‘तो’ नाही. जिवलग मैत्रीण दुसऱ्या बाकावर बसायला लागली. दात हलतोय, पण पडत नाहीये. घरात नवं बाळ आलंय आणि सगळे ‘तू आता मोठा झालास’ म्हणतात. शेजारच्या खोलीत आईबाबा हळू आवाजात भांडतायत, आणि हळू आवाज जास्त भीतीदायक आहे. यातली एकेक ओळ म्हणजे एका पुस्तकाचं बी आहे. ओळीशेजारी त्या मुलाने वापरलेले शब्द जसेच्या तसे लिहून ठेव, सुधारू नकोस. मूल कोणाचं हे मात्र ओळखू येता कामा नये. गोष्टीत नाव, घर, तपशील सगळं बदलायचं.

त्यासाठी मुलं भेटायला हवीत. एखाद्या ग्रंथालयात किंवा शाळेत आठवड्यातून एक तास मोठ्याने गोष्टी वाचून दाखवायचं काम माग. बहुतेक ठिकाणी अशा माणसाला नाही म्हणत नाहीत. आधी स्वतःच्या नाही, दुसऱ्यांच्या चांगल्या गोष्टी वाच. मुलं कुठे चुळबुळ करायला लागतात तिथे पेन्सिलने रेघ मार, कुठे पुढे सरकून बसतात तिथे दुसरी खूण कर. काही महिन्यांनी त्या खुणा बघितल्यास तर कुठल्याही लेखनवर्गात मिळणार नाही इतकं शिक्षण त्यात असेल. आणि मुलांना ‘यातून काय शिकलात?’ असं चुकूनही विचारू नकोस. त्या प्रश्नाने चांगली गोष्टसुद्धा परीक्षेचा पेपर होते.

दुसरी खाण म्हणजे तुझं स्वतःचं लहानपण. त्यातल्या घटना नकोत, भावना हव्यात. ‘आमच्या वेळी किती मजा होती’ या सुरातल्या आठवणी मोठ्यांनाच आवडतात. रुसल्यावर कुठे जाऊन बसायचीस? कोणती गोष्ट कोणालाच सांगितली नाहीस? कोण हसल्यावर कान तापायचे? वस्तू आणि खेळ बदलले, पण कान अजूनही तसेच तापतात.

आता ‘उभारी’बद्दल, कारण गल्लत इथेच होते. समज, वर्गात तोंडातून शब्द न फुटणाऱ्या मुलीची गोष्ट आहे. सुविचारातून आलेली गोष्ट अशी जाईल : बाई तिला धीर देतात, ती स्नेहसंमेलनात भाषण करते, टाळ्यांचा कडकडाट होतो. आता वर्गात तशीच गप्प बसणारी एक मुलगी हे पुस्तक वाचतेय असं समज. तिला काय कळेल? की भाषण करून टाळ्या मिळवल्याशिवाय आपली सुटका नाही. पुस्तक मिटताना ती आधीपेक्षा लहान झालेली असेल. त्याऐवजी गोष्टीतली मुलगी घरी उशीत तोंड खुपसून ‘हजर’ म्हणायचा सराव करते. मग मांजराला हजेरी घ्यायला लावते. मांजर काही नाव पुकारत नाही, म्हणून दोन्ही आवाज तिलाच काढावे लागतात. शेवटी एके दिवशी वर्गात, आपल्या आधीच्या मुलाच्याच नंबरला, ती घाईने मोठ्यांदा ‘हजर’ म्हणून बसते. वर्ग हसतो, तो मुलगा हसतो आणि तिलाही हसू येतं. संपली गोष्ट. बक्षीस नाही, भाषण नाही, बाईंनी काही समजावलं नाही. पण वाचणाऱ्या मुलीला वाटेल, एवढं तर मलाही जमेल.

यात पाळण्यासारखा एकच नियम आहे, आणि तो मी सक्तीचा मानतो. वाट मुलाने काढली पाहिजे. मोठ्या माणसांनी फार तर दार उघडं ठेवावं. आजी, शिक्षक, परी, बोलणारं झाड यांपैकी कोणीही अडचण सोडवली, की मुलाच्या हातातून गोष्ट गेली. शेवटी सगळं ठीक झालं पाहिजे असंही नाही. हरवलेला खोडरबर न सापडताही गोष्ट आशेवर संपू शकते.

उभारी देणारं लिहायला आपण कायम आनंदी असलं पाहिजे, असा एक ताण तुझ्या पत्रात जाणवला. तो सोडून दे. फिनलंडची टूव्ह यान्सन मुळात चित्रकार. 1939 च्या हिवाळ्यात देशावर युद्ध आलं, चित्रं काढण्यात अर्थ वाटेना, तेव्हा ती ‘एके काळी’ने सुरू होईल असं काहीतरी लिहायला बसली. त्यातून आलेली मुलांची गोष्ट 1945 मध्ये छापली गेली. त्यात पूर आहे, हरवलेले वडील आहेत आणि त्यांना शोधत निघालेलं कुटुंब आहे. भीती तिने लपवली नाही, फक्त ती मुलांना पेलेल एवढी केली. एखाद्या उदास दिवशी लिहायला बसलीस तर तो दिवस वाया गेला असं समजू नकोस.

तरीही काही दिवस कोरडे जातातच. त्यासाठी इटलीच्या जान्नी रोदारीची युक्ती वापरून बघ. तो आधी शाळेत शिकवायचा, नंतर पत्रकार झाला. 1970 मध्ये त्याला बालसाहित्यातला अँडरसन पुरस्कार मिळाला आणि 1973 मध्ये त्याने गोष्टी रचण्याच्या युक्त्यांवर पुस्तकच लिहिलं. त्यातली सोपी युक्ती अशी : एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे. चप्पल आणि ढग. मग त्यांना वेगवेगळ्या प्रत्ययांनी जोडायचं. ढगाची चप्पल, ढगातली चप्पल, चपलेवरचा ढग, चपलेसाठी रडणारा ढग. चौथ्या-पाचव्या जोडीला डोकं जागं होतं. मुलांबरोबर खेळलीस तर दुसऱ्याच जोडीला. दुसरा उपाय म्हणजे स्वतःला अडवणं. अमेरिकेच्या डॉ. स्यूसशी प्रकाशकाने पैज लावली होती की फक्त 50 वेगवेगळे शब्द वापरून पुस्तक होणार नाही. 1960 मध्ये ते पुस्तक झालं, आणि त्याच्या सगळ्यात खपलेल्या पुस्तकांत गणलं गेलं. ‘काहीही लिही’ म्हटलं की हात थांबतो. ‘एका खोलीत, एका रात्रीत, दोनच पात्रं’ म्हटलं की चालायला लागतो.

कोर्स करावा का? आत्ता नको. त्या वेळात चित्रपुस्तकं वाच आणि त्यातली चार-पाच हाताने उतरवून काढ, पान कुठे उलटतं तिथे रेघ ओढत. चित्रपुस्तक बहुतेक वेळा 32 पानांचं असतं, कारण मोठा कागद छापून घडी घातली की आठ किंवा सोळाच्या पटीत पानं होतात. मुखपृष्ठाआतली नावाची वगैरे पानं वजा केली, की गोष्टीला बारा-चौदा जोडपानं उरतात. मजकूर बऱ्याचदा पाचशे शब्दांच्या आसपास असतो. तुझी मुंगीची गोष्ट दीड हजारांवर गेली आहे. ‘मुंगी लाल होती’ हे लिहायचं काम तुझं नाही, ते चित्र सांगेल. उतरवताना हे सगळं आपोआप कळतं. नंतर वाटलंच, तर संपादनाचा कोर्स कर. तो नोकरीलाही उपयोगी पडेल.

राहिला बाबांचा मुद्दा. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, हे तुला आवडणार नाही तरी सांगतो. केवळ मुलांच्या पुस्तकांच्या मानधनावर घर चालवणारे लेखक जगभर थोडेच आहेत. चित्रपुस्तकात मानधन सहसा लेखक आणि चित्रकार यांच्यात वाटलं जातं, शिवाय हस्तलिखित स्वीकारल्यापासून पुस्तक हातात येईपर्यंत वर्ष-दोन वर्षं सहज जातात. त्यामुळे दुसरं उत्पन्न हवंच. पण ते मुलांच्या जवळचं निवडता येतं : शिक्षकी, बालवाचनालय, मुलांच्या मासिकाचं किंवा प्रकाशनाचं संपादन, पाठ्यपुस्तकांचं लेखन, श्राव्य गोष्टी, मुलांच्या मालिकांची संहिता. अशा नोकरीत पगार तर मिळतोच, वहीही भरत राहते. लिहिण्यासाठी नोकरी सोडायचा विचार पहिली दोन-तीन पुस्तकं येऊन त्यांचा हिशोब हातात आल्यावर करायचा, त्याआधी नाही.

पाठवायच्या वेळी प्रकाशकाची आधीची पुस्तकं बघून मगच पाठव. चित्रकार स्वतः शोधायची गरज नाही, तो प्रकाशक निवडतो. ‘पुस्तक छापतो, पण आधी पैसे भरा’ असं कोणी म्हणालं तर ते प्रकाशन नाही, छपाईची सेवा आहे. ती घ्यायची तर डोळे उघडे ठेवून घे. करारात सगळे हक्क कायमचे लिहून देऊ नकोस. भाषांतर आणि श्राव्य आवृत्तीचं कलम नीट वाच, कळलं नाही तर सही करण्याआधी कोणाला तरी दाखव.

आणि तिन्ही गोष्टींतली खरं बोलणाऱ्या मुलाची ठेव. तो आधी खोटं का बोलला, हे तू लिहिलंच नाहीस. तिथून परत सुरू कर, मोठं माणूस कुठेही येऊ देऊ नकोस, आणि नवा खर्डा पाचशे शब्दांत बसवून मला पाठव.