खडीचा रस्ता, बाइक आणि मित्रमंडळी : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या प्रश्नांमधे निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच गोष्टीवर आहेत, चार-पाच मित्र, चार-पाच-सहा दिवस, आणि डांबर नसलेला रस्ता. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ढकललेत, राग मानू नका.

प्रश्न : आम्ही चौघं सहा दिवसांच्या ट्रिपला निघतोय, बराचसा रस्ता नुसती खडी. डांबरी रस्त्याची सगळ्यांना भरपूर सवय आहे पण मधे एकदा थोडीशी खडी लागली तर पुढचं चाक असं काही वळवळायला लागलं की माझी पाचावर धारण बसली. चाक सरळ कसं ठेवायचं? आणि रोजचं अंतर किती धरायचं?

चाक सरळ ठेवायचंच नाही, खरं उत्तर हेच आहे. सुट्या खडीवर पुढचं चाक इकडेतिकडे हलणारच, बाइक चालू असेपर्यंत ते आपलं आपण सरळ व्हायला बघतं, फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांची रचनाच तशी असते. गडबड आपण करतो, जीव मुठीत धरतो आणि सोबत हँडलपण मुठीत आवळतो, मग चाकाला बसलेला प्रत्येक छोटा झटका ताठ हातांतून अख्ख्या बाइकला जातो. आणि घाबरलं की माणूस काय करतो तर थ्रॉटल सोडतो, त्याने वजन पुढे येतं, पुढचं चाक खडीत रुततं आणि वळवळ अजून वाढते, की आपण अजून घाबरतो. म्हणून हँडल बोटांनी धरल्यासारखं हलकं धरा, कोपरं बाहेर, गुडघ्यांनी टाकी धरा आणि थ्रॉटल थोडा का होईना चालू ठेवा. नजर लांब, पुढच्या चाकासमोरच्या दगडाकडे बघत बसलात तर त्याच दगडावर जाणार.

उभं राहून चालवायची सवय करा. उभं राहिल्याने गुरुत्वमध्य खाली जातो असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात, ते काही खरं नाही, तुमचं अंग तर उलट वर जातं. फायदा वेगळाच आहे, सीटवर बसलात की तुम्ही आणि बाइक एकच गाठोडं होता, उभे राहिलात की पाय आणि गुडघे स्प्रिंगचं काम करतात आणि बाइक खाली हवी तशी हलू शकते. उभं राहिल्यावर कंबरेत फार वाकावं लागत असेल तर हँडल थोडं फिरवून किंवा रायझर, म्हणजे हँडल उंच करणारा तुकडा लावून वर घ्या आणि ब्रेक-क्लचचे लिव्हर थोडे खाली झुकवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पाठ तुम्हाला चालवेल.

ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, वळणात नाही. मागच्या चाकाचा एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद करायची सोय असेल तर बंद करा, कारण लॉक झालेलं चाक स्वतःसमोर खडीचा ढीग जमवतं आणि त्याने थांबायला मदत होते, एबीएस नेमका तो ढीग होऊ देत नाही. पुढचा एबीएस मात्र नवीन माणसाने चालूच ठेवावा. निघायच्या आधी एखाद्या मोकळ्या मैदानात सामान लादलेल्या बाइकवर तासभर हे करून बघा, रिकाम्या बाइकवर केलेली प्रॅक्टिस फारशी उपयोगाची नाही.

अंतराचं म्हणाल तर डांबरीवर दिवसाला जितकं सहज कापता त्याच्या निम्मं. २०० किलोमीटर खडी म्हणजे पूर्ण दिवस समजा, आणि सहा दिवसांतला एक दिवस कागदावर रिकामाच सोडा. पडापडी बहुतेक करून दुपारनंतर होते, रस्ता वाईट असतो म्हणून नाही तर माणूस दमलेला असतो आणि अंधाराच्या आत पोचायची घाई असते.

प्रश्न : टायर कुठले टाकू आणि हवा किती ठेवू? एक जण म्हणतो एकदम कमी कर, दुसरा म्हणतो अजिबात कमी करू नकोस.

दोघंही अर्धे बरोबर आहेत. निम्मा रस्ता डांबरी असेल तर ज्याला लोक फिफ्टी-फिफ्टी म्हणतात तसले, अर्धे डांबरासाठी अर्धे खडीसाठी बनवलेले टायर पुरतात, पूर्ण नॉबी, म्हणजे मोठमोठ्या गुठळ्यांचे टायर डांबरावर लवकर झिजतात आणि ओल्या डांबरावर तर मला त्यांचा भरवसाच वाटत नाही. हवा, मॅन्युअलमधे तीसेक-छत्तीस पीएसआय लिहिलेली असेल तर खडीवर २५ ते २८ च्या आसपास आणा, त्याने टायरचा जास्त भाग जमिनीला टेकतो आणि झटके थोडे मुरतात. यापेक्षा फार खाली जायचं ते वाळूत, खडीवर नाही. टोकदार दगडावर कमी हवेचा टायर आपटला की ट्यूब रिम आणि दगडाच्या मधे चिमटली जाते आणि एकदम दोन भोकं पडतात, ट्यूबलेस असेल तर रिमच वाकते आणि मग कडेने हवा गळत राहते. डांबर लागलं की परत हवा भरायची, त्यासाठी बारा व्होल्टवर चालणारा छोटा पंप ग्रुपमधे एक तरी हवाच.

ट्यूबवाले असाल तर घरी एकदा स्वतःच्या हाताने मागचं चाक काढून ट्यूब बदलून बघा, हे मी कळकळीने सांगतेय. टायर परत चढवताना शेवटची वीतभर कड कितीही जोर लावला तरी आत जात नाही, मग माणूस अजून मोठा टायर लिव्हर घेतो आणि नव्या ट्यूबलाच भोक पाडून ठेवतो. युक्ती अशी की ट्यूबमधे आधी थोडीशी हवा भरून ती गोल करून घ्यायची, आणि जिथे लिव्हर लावताय त्याच्या बरोबर समोरच्या बाजूला टायरची कड गुडघ्याने दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलायची, की इकडे आपोआप ढील मिळते. जोर लागत असेल तर समोरची कड खोलगटातून बाहेर आलीये एवढं ओळखा. आणि जागा कमी असेल तर पुढच्या २१ इंची चाकाची एकच ट्यूब बरोबर ठेवा, अडीनडीला ती मागच्या १७ किंवा १८ इंची चाकातपण कोंबता येते, उलटं होत नाही.

प्रश्न : आमच्या ग्रुपमधला एक जण सुसाट पळतो आणि एक जण कायम मागे राहतो. पळणारा पुढे जाऊन अर्धा तास थांबतो आणि मागच्याने हेल्मेट काढायच्या आत परत निघतो. मागच्याने आता 'मी येतच नाही' असं म्हटलंय. शिवाय धुळीमुळे एकमेकांच्या मागे राहताच येत नाही. काय करावं?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, बाइक नादुरुस्त होऊन मोडलेल्या ट्रिपांपेक्षा या कारणाने मोडलेल्या ट्रिपा जास्त असतील असं मी पैजेवर सांगेन.

आधी धुळीचं. धुळीत एकमेकांना चिकटून चालायचं नसतंच, समोरच्याची धूळ खाली बसेपर्यंत अंतर सोडायचं, मग ते अर्धा किलोमीटर झालं तरी चालेल. वारा आडवा असेल तर अंतर कमी पुरतं, वारा नसेल किंवा पाठीमागून असेल तर धूळ रस्त्यावरच लोंबकळत राहते. धुळीत समोरून येणारा ट्रक दिसत नाही आणि त्यालापण तुम्ही दिसत नाही, त्यामुळे धुळीच्या ढगात घुसून ओव्हरटेक करणाऱ्याला मित्र असला तरी चार शब्द सुनवा.

आता इतकं अंतर ठेवल्यावर चुकामूक होणार, त्याच्यावर जुना आणि साधा उपाय आहे. एक लीडर ठरवायचा, एक शेवटचा माणूस ठरवायचा, हे दोघं दिवसभर बदलत नाहीत. रस्त्याला फाटा आला की लीडरच्या मागे असलेला दुसरा माणूस तिथे थांबतो आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला कुठे वळायचं ते दाखवतो. शेवटचा माणूस आला की फाट्यावर थांबलेला त्याच्या पुढे निघतो. पुढच्या फाट्याला आता जो दुसरा असेल तो थांबतो. असं केलं की कुणालाच समोरच्याच्या मागे पळावं लागत नाही, प्रत्येक जण आपापल्या वेगाने एकटाच चालवतोय आणि तरी हरवत कुणी नाही. एकच नियम पाळायचा, फाट्यावर थांबलेल्याने शेवटचा माणूस येईपर्यंत पुढे हलायचं नाही, कितीही वेळ लागो. 'बराच वेळ झाला म्हणून बघायला पुढे गेलो' या एका वाक्याने अख्खी व्यवस्था कोलमडते. बराच वेळ झाला तर मागे जाऊन बघायचं, पुढे नाही.

आणि तो सुसाट माणूस? त्याला शेवटचा करा. गंमत नाही करत, चांगला चालवणारा माणूसच शेवटी हवा, कारण पडलेल्याला उचलायला, पंक्चर काढायला तोच पहिला पोचणार, अवजारांची बॅगपण त्याच्याच बाइकवर द्या. त्याला मान मिळतो आणि बाकीच्यांना शांतता. फारच हात शिवशिवत असतील तर दिवसातला एखादा मोकळा, सरळ, दूरवर दिसणारा पट्टा त्याला एकट्याला देऊन टाका.

मागे राहणाऱ्यासाठी एकच, थांबल्यावर निघायचं कधी ते त्याने ठरवायचं. तो शेवटी पोचतो, त्याला पाणी प्यायला सगळ्यात कमी वेळ मिळतो आणि म्हणून तोच सगळ्यात आधी दमतो, आणि दमलेला माणूस अजून हळू होतो.

प्रश्न : सामानाला अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या बऱ्या की कापडी बॅगा?

खडीवर कापडी. पडताना पाय पेटीखाली सापडला तर घोटा किंवा नडगी जाते, कापडी बॅग दबते तरी. शिवाय पेट्या रिकाम्याच जड असतात, आणि मोठ्या असल्या की माणूस त्या भरतोच.

प्रश्न : माझी उंची बेताची आहे आणि बाइक २०० किलोच्या वर. पडली तर मला उचलता येईल का? ग्रुपमधे मी एकटीच बाई आहे आणि दर वेळी कुणाला तरी हाक मारायची मला लाज वाटते.

येईल, फक्त हाताने उचलायला जाऊ नका. आधी इंजिन बंद, आणि पेट्रोल सांडतंय का बघा. बाइक उजव्या कुशीवर पडली असेल तर उचलायच्या आधी साइड स्टँड बाहेर काढून ठेवा, नाहीतर एवढी मेहनत करून उभी केलेली बाइक पलीकडच्या बाजूला आडवी होते. डाव्या कुशीवर असेल तर स्टँड खाली अडकलेलं असतं, ते उभी झाल्यावर पायाने काढा. गिअरमधे टाका म्हणजे पुढेमागे सरकणार नाही. मग सीटला पाठ लावून बसा, एका हाताने जमिनीकडच्या बाजूची हँडलची मूठ धरा, दुसऱ्याने मागची फ्रेम किंवा कॅरिअर, पाठ ताठ ठेवा आणि पायांनी छोटी छोटी पावलं मागे टाकत ढकला. ताकद मांड्यांची लागते, कंबरेची नाही. उतारावर पडली असेल आणि चाकं वरच्या बाजूला असतील तर आधी ती जमिनीवर फिरवून चाकं उताराकडे आणा. आणि सामान काढून ठेवा ना, तीस किलो उगाच का उचलायचे!

लाजेचं म्हणाल तर दिवसभर एकट्याने बाइक उचलणारा माणूस, बाई असो की पुरुष, दुपारी तीनला हात गाळून बसतो. हाक मारा. त्यांनाही तुम्हाला हाक मारायला लागणारच आहे.

प्रश्न : पन्हाळी पत्र्यासारखा झालेला रस्ता हळू जाऊन पार करावा की जोरात? हळू गेलं की दात वाजतात.

आधी हे की तसा रस्ता होण्यात वाईट सस्पेन्शनचा किंवा रस्ता करणाऱ्याचा दोष असेलच असं नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाळूच्या थरावर साधं चाक फिरवलं तर ठराविक वेगाच्या वर आपोआप लाटा तयार झाल्या, स्प्रिंगबिंग काही न लावतासुद्धा. वेगाने गेलं की चाक लाटांच्या माथ्यांवरून तरंगत जातं आणि हादरे कमी होतात हे खरंय, पण मग चाक निम्मा वेळ जमिनीला धड टेकलेलंच नसतं, म्हणजे ब्रेक पण निम्माच आणि वळणं पण निम्मं. सरळ, मोकळ्या पट्ट्यावर तो वेग ठीक, वळण दिसायच्या बऱ्याच आधी तो उतरवा. रस्त्याची अगदी कड बऱ्याचदा कमी खराब असते, तिथून जाऊन बघा, फक्त कडेची सैल खडी सांभाळा. आणि संध्याकाळी सगळे नट-बोल्ट हाताने फिरवून बघा, नंबर प्लेट, आरसे, कॅरिअर आणि सायलेन्सरचे बोल्ट सगळ्यात आधी ढिले होतात. एअर फिल्टर दोन दिवसांनी तरी उघडून बघा.

प्रश्न : आम्ही तिघं कॅनडातला डेम्पस्टर हायवे करायचा विचार करतोय. हायवे म्हणजे रस्ता बरा असेल ना?

नावावर जाऊ नका. ७३६ किलोमीटर आहे आणि जवळजवळ सगळी खडी. डॉसन सिटीच्या जवळून सुरू होतो आणि आर्क्टिक वृत्त ओलांडून इनुविकला संपतो, २०१७ पासून तिथून पुढे समुद्राकाठच्या टक्टोयाक्टकपर्यंतही पक्का भराव घातलेला बारमाही खडीचा रस्ता झालाय. सुरुवातीपासून ईगल प्लेन्सपर्यंत ३६९ किलोमीटर मधे पेट्रोल नाही, म्हणजे छोट्या टाकीच्या बाइकला जास्तीचा कॅन घ्यावाच लागणार, आणि ओझं आणि वारा असताना अ‍ॅव्हरेज नेहमीपेक्षा पडतं हे धरून हिशोब करा. पुढे पील आणि मॅकेंझी या दोन नद्या उन्हाळ्यात फेरीबोटीने ओलांडायच्या, नदीला पूर आला किंवा बर्फ वाहून येत असेल तर फेरी बंद, की बसा काठावर. म्हणून हातात एक-दोन दिवस जास्तीचे हवेतच. तिथली खडी धारदार, टायर कापणारी म्हणून प्रसिद्ध आहे. धूळ बसावी म्हणून त्यावर कॅल्शियम क्लोराइड मारतात, कोरडं असताना रस्ता छान घट्ट असतो, पाऊस पडला की तोच साबण लावल्यासारखा होतो. तो चिखल बाइकवर वाळला की दगडासारखा बसतो, रेडिएटरच्या जाळीत तर खासकरून, म्हणून पहिलं पाणी मिळेल तिथे धुवा. आणि पाऊस सुरू झाला तर 'बघू या पुढे' करू नका, थांबा, मुक्काम करा.

प्रश्न : चौघांपैकी एक जण तिसऱ्या दिवशी 'मला जमत नाहीये, मी परत जातो' म्हणाला तर? त्याला एकट्याला सोडायचं का? सगळ्यांचे पैसे आणि सुट्ट्या अडकलेल्या असतात.

एकट्याला सोडायचं नाही, निदान डांबर आणि मोबाइलची रेंज लागेपर्यंत तरी नाही. चार असाल तर दोघं परत आणि दोघं पुढे, तिघं असाल तर मला विचाराल तर तिघंही परत. फक्त हे तिसऱ्या दिवशी रस्त्यात उभं राहून ठरवू नका, सगळे वैतागलेले असतात, निघायच्या आधी घरी बसून ठरवा, त्याच बैठकीत कोण सोबत परत जाणार तेही ठरवा आणि खर्च कसा वाटायचा तेही. एकदा हे बोलून झालं की दमलेला माणूस वेळेत तोंड उघडतो, नाहीतर तो लाजेपायी रेटत राहतो आणि मग परत जायचं कारण म्हणून हाड मोडलेलं असतं.

त्याच बैठकीत अजून दोन बारीक गोष्टी उरकून घ्या. प्रत्येकाचा रक्तगट, चालू औषधं आणि घरचा एक नंबर कागदावर लिहून सगळ्यांकडे एकेक कॉपी, फोनमधे नको, फोन आपटतो. आणि बाइकची जादा चावी ज्याची त्याच्याकडे ठेवायची नाही, दुसऱ्याच्या बॅगेत टाका, आणि कुणाची कुणाकडे आहे ते त्याच कागदावर लिहा.