पाण्याची रात्र आणि सारखी होणारी सर्दी

"हिची इम्युनिटीच संपलीय की ओ मॅडम," असं म्हणत आईनं हातातली कापडी पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. च्यवनप्राशची बरणी, गुळवेलीच्या गोळ्या, झिंकची अर्धी संपलेली पट्टी, व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या आणि मागच्या वेळी उरलेल्या तीन अँटिबायोटिक. शेजारी एकोणीस वर्षांची मुलगी ओढणीनं नाक पुसत खाली बघत बसली होती. जूनपासून दिवाळीपर्यंत तिला पाच वेळा सर्दी-खोकला झाला होता, त्यात दोनदा ताप. कॉलेजचं दुसरं वर्ष, संध्याकाळी अभ्यासिका, डोक्यात स्पर्धा परीक्षा. आई बाहेर पाणी प्यायला गेली तेव्हा तिनं हळूच विचारलं, "मॅडम, माझ्यातच काही कमी आहे का?"

सोलापुरात तरुण मुलांशी बोलण्याचं काम करताना कोविडनंतर हा प्रश्न मला फार वेळा ऐकावा लागतो. म्हणून ही हकिकत तिच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गच्चीवर पाण्याची टाकी असते तशी शरीरात प्रतिकारशक्तीची टाकी असते आणि ती रिकामी झाली की बाटलीतून भरायची, असं चित्र बहुतेकांच्या मनात असतं. खरं तर त्वचा, नाकातला ओलावा, आतडं, पांढऱ्या पेशी, प्रतिपिंडं अशी कितीतरी मंडळी एकमेकांना निरोप देत हे काम रात्रंदिवस करतात. त्यांना लागतं ते रोजचंच: झोप, प्रथिनं, लोह, हालचाल. शिवाय सर्दी करणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत. एकाशी ओळख झाली तरी दुसरा नवाच असतो. धडधाकट मोठ्या माणसालाही वर्षाला दोन-तीन वेळा सर्दी होते, आणि बंद खोलीत, एसी लावून, खांद्याला खांदा लावून बसणाऱ्या मुलांना त्याहून जास्त वेळा झाली तर लगेच घाबरायचं कारण नाही. हे सांगितल्यावर तिनं पहिल्यांदा मान वर केली.

तरी मी डॉक्टर नाही, त्यामुळे आधी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. वजन उतरणं, रोज संध्याकाळी कणकण, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया किंवा गळवं, दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला, यातलं काही असेल तर आधी तपासणी. समुपदेशनाची पाळी त्यानंतर येते. तिच्यात यातलं काही नव्हतं. हिमोग्लोबिन मात्र ९.४ निघालं. बाईचं ते बाराच्या खाली नसावं. आपल्याकडे ही गोष्ट इतकी सर्रास आहे की २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. लोह कमी पडलं की दम लागतो, चित्त लागत नाही आणि रोगाशी लढणाऱ्या पेशींचंही काम मंदावतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या.

इथे माझी एक चूक झाली. त्याच दिवशी मी तिला चांगल्या सवयींचा छापील कागद दिला. दहा सवयी, पुढे खुणेसाठी चौकोन. ती तीन आठवडे आलीच नाही. आली ती नवी सर्दी घेऊन, आणि कागदावर एकही खूण नव्हती. "वाचला की रडू यायचं मॅडम. आधीच सगळीकडे मागे पडलेय, त्यात अजून दहा गोष्टी." आधीच भीतीनं वाकलेल्या मुलीच्या डोक्यावर मी आणखी ओझं ठेवलं होतं. तो कागद मी तेव्हापासून कुणाला दिलेला नाही.

कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं, कालचा दिवस सांग. उठल्यापासून आज उठेपर्यंत, काही गाळायचं नाही.

घर पूर्व भागात, दोन खोल्यांचं. घरात तेलुगू, बाहेर मराठी. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते. अभ्यासिकेतून मुलगी दहाला परतते. तेव्हा आईच्या मांडीवर सूप असतं, त्यात तंबाखू, शेजारी भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं. उद्या कारखान्यात द्यायच्या विड्यांची संख्या पुरी व्हायची असते, म्हणून मुलगीही कात्री घेऊन पानं कापायला बसते. साडेअकराला सूप बाजूला सरतं आणि त्याच खोलीत अंथरुणं पडतात. मग एक वाजेपर्यंत मोबाईल. "तेवढाच वेळ माझा असतो," ती म्हणाली. सहाला उठायचं, चहा-बिस्कीट, की पळायचं.

आणि मग ती सहज बोलून गेली, "पाण्याची रात्र असली की तीनला उठते."

सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. नळाला काही दिवसांआड पाणी, आणि आपल्या भागाची वेळ रात्रीची असली की घरातल्या कुणाला तरी उठावं लागतं. मोटर लावायची, पिंप, घागरी, बादल्या भरायच्या. वडील दमून आलेले, आईचे गुडघे दुखतात, भाऊ सोळा वर्षांचा असूनही घराच्या हिशेबात "लहान". म्हणजे एरवी पाच तास झोप आणि पाण्याच्या रात्री जेमतेम तीन.

मी तिला एक प्रयोग सांगितला. २०१५ साली अमेरिकेत १६४ निरोगी माणसांची झोप आठवडाभर मनगटावरच्या यंत्रानं मोजली, मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले. सात तासांपेक्षा जास्त झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी जडण्याची शक्यता चौपटीहून जास्त निघाली. विषाणू तोच, फरक झोपेचा. तिनं बोटांवर आपले तास मोजले आणि गप्प झाली.

या वयात किमान सात तास झोप हवीच, अठराच्या आतल्यांना आठ ते दहा. पण हे एकट्या मुलीला सांगून काय उपयोग? तिची झोप तिच्या एकटीच्या हातात नव्हती. पुढच्या भेटीला मी वडिलांनाही बोलावलं. सुट्टीच्या दिवशी आले, धुतलेला सदरा घालून, खुर्चीच्या कडेवर बसले. सगळं ऐकून घेतलं. बराच वेळानं म्हणाले, "मग पाणी कुणी भरायचं?" माझ्या आधी आईच बोलली, "पोरगा भरंल की. शेजारची पोरं भरत्यातच." माझ्या मते त्या घरातलं खरं औषध या एका वाक्यात होतं. मुलाला तीनचा गजर लावून दिला गेला, आणि एकाआड एक पाळी वडिलांनी स्वतःकडे घेतली. पिंपांना घट्ट झाकणं बसवा, एवढं मी जाता जाता सांगितलं. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो.

मोबाईल तिनं स्वतःहून आईच्या शिवणाच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. आधी बाराला, मग साडेअकराला. महिनाभर मी दुसरी कुठलीच सवय सुचवली नाही.

खाण्याचं फारसं अवघड गेलं नाही. लोहाची गोळी ती चहाबरोबर घ्यायची, ती लिंबूपाण्याबरोबर घ्यायला लावली, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. सकाळी बिस्किटाऐवजी ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, उकडलेलं अंडं. डब्यात मटकी किंवा हरभऱ्याच्या उसळीवर लिंबू. आईनं डाळिंबाचं विचारलं, रक्त वाढतं म्हणून. आपल्या जिल्ह्याचं डाळिंब जरूर खावं, पण त्यात लोह अगदी थोडं असतं. रविवारी घरात शिजणाऱ्या मटणाचे दोन तुकडे मुलीच्या ताटात जास्त पडले तर जास्त कामाचे.

पिशवीतल्या गोळ्यांचं काय, हे आईला हवंच होतं. रोज व्हिटॅमिन सी घेतल्यानं सर्वसाधारण माणसाची सर्दी टळत नाही, फार तर थोडी लवकर आवरते. झिंक वाटेल तितकं घेतलं की पोट बिघडतं. गुळवेलीबद्दल २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद बाजूला ठेवला तरी महिनोन्‌महिने मनानं गोळ्या घेऊ नयेत, आणि अँटिबायोटिक विषाणूच्या सर्दीवर चालतच नाही. सगळं डॉक्टरांना दाखवलं, च्यवनप्राश तेवढं राहिलं.

अभ्यासिकेत तिनं खिडक्या उघडायला सांगून पाहिलं. एसीमुळे कुणी ऐकेना, मग तिनं दाराजवळची जागा घेतली. कॉलेजला रिक्षाऐवजी मैत्रिणीबरोबर पंचवीस मिनिटं चालत जाऊ लागली. घरात शिरल्यावर आधी साबणानं हात. हे सगळं झोप सुधारल्यावर आपोआप जमलं. आधी का जमलं नसतं, हे मला तिच्यामुळे नीट कळलं.

गड्ड्याच्या यात्रेत जानेवारीत तिला एकदा सर्दी झाली, पाच दिवसांत गेली. तिनं मला कळवलंही नव्हतं, नंतर बोलता बोलता सांगितलं. फेब्रुवारीत हिमोग्लोबिन ११.६ होतं.

त्याच भेटीत आई बोलता बोलता तीनदा थांबली, पदर तोंडाला लावून खोकली. मी विचारलं, "अक्का, हा खोकला कधीपासून?"

"हा होय? असतोच की ओ. तंबाखूचा हाय."

"किती दिवस?"

तिनं मुलीकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "संक्रांतीच्या आधीपासून."

महिना उलटून गेला होता. चार महिने आम्ही सगळे एका मुलीच्या नाकाकडे बघत होतो आणि जिच्या मांडीवर रोज तंबाखूचं सूप असतं तिला कुणीच काही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. सरकारी दवाखान्यात क्षयाची थुंकीची तपासणी फुकट होते, उद्याच जा, असं मी सांगितलं. विड्या देऊन झाल्या की जाते, असं आई म्हणू लागली. मुलीनं तिचं सूप सकाळीच शेजारणीकडे नेऊन ठेवलं आणि तिला घेऊन गेली.

क्षय निघाला नाही. डॉक्टरांनी छातीचं औषध दिलं, विड्या वळताना नाका-तोंडावर कापड बांधायला आणि झोपायच्या खोलीत तंबाखू न ठेवायला सांगितलं. सूप आता बाहेरच्या ओट्यावर असतं. रात्री साडेदहानंतर तिथं कुणी बसायचं नाही, हा नियम मुलीनं केलाय, आणि आई तो आठवड्यातून निदान चार दिवस तरी पाळते.