बडोदा ते न्यूयॉर्क: हवाई अंतर किती, विमानाला वेळ किती लागतो?

आईंना एकटंच बडोद्याहून न्यूयॉर्कला पाठवायचंय, तर अंतर किती नि तास किती, असं तुम्ही विचारलंय. माझी मुलगी न्यूयॉर्कशेजारी न्यू जर्सीला असते, त्यामुळे हा हिशेब आमच्या घरी पाठ आहे.

सरळ हवाई अंतर सुमारे 12,200 किलोमीटर. पण बडोद्याच्या हरणी विमानतळावरून तिकडे थेट विमान नाही. मुंबईमार्गे जायचं तर आधी साडेतीनशे किलोमीटर उलटं, दक्षिणेला यायचं आणि तिथून पुढे 12,500. मुंबईहून न थांबणारं विमान जाताना साडेपंधरा-सोळा तास घेतं, येताना चौदा-साडेचौदा. बडोदा-मुंबईचा तासभर, मुंबईतलं थांबणं, सामान, रांगा धरून घर ते घर एक अख्खा दिवस धरा.

जायला जास्त आणि यायला कमी का, हे मलाही आधी कळत नव्हतं. वर उंचावर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचे वारे वाहतात. जाताना ते तोंडावर येतात, येताना पाठीशी असतात.

दुसरी गंमत मार्गाची. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवली की वाटतं, विमान अरबस्तानावरून, उत्तर आफ्रिकेवरून जाणार. एकदा पृथ्वीचा गोल घ्या आणि बडोद्यापासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून बघा. दोरा रशिया, नॉर्वे, आइसलंडवरून जाऊन ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला टेकतो! दिशा न बदलता त्या पट्टीच्या रेषेनं उडत राहिलं तर तेच अंतर 14,000 च्या घरात जातं. अर्थात विमान दोऱ्यावरूनच जाईल असं नाही. पाकिस्तानचं आकाश बंद असलं की आपल्या विमानांना वळसा पडतो. 2019 मध्ये काही महिने तसं झालं आणि एप्रिल 2025 पासून पुन्हा. म्हणून तिकिटावरची वेळ खरी माना, किलोमीटर नाही.

घड्याळाचं आईंना आधीच समजावून सांगा. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. डिसेंबरात मुंबईहून रात्री एकला निघालेलं विमान तिथल्या सकाळी साडेसहाच्या सुमारास उतरतं. आमच्या दांडिया बाजारातल्या शेजारीणबाई अजून म्हणतात, ''वहिनी साडेपाच तासांत अमेरिकेला पोचल्या!'' येताना मात्र हेच घड्याळ वसुली करतं. दुपारी बाराला निघा, इथे उतरेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार.

तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा, पाय धड असले तरी. विमानतळावरचं चालणं फार असतं. लीलो चेवडो (बडोद्याचा ओलसर चिवडा) नि खाखरे हातातल्या पिशवीतच असू द्या, सोळा तासांत दोनदा तरी लागतातच.

आणि रात्री एकचं विमान असेल तर फोनची वाट बघत सकाळपासून बसू नका. उतरायलाच आपले संध्याकाळचे पाच वाजतात, बाहेर पडून फोन करेपर्यंत साडेसहा-सात.